ऑर्गनवर एकट्याने संथ जॅझ: सूर लावणं सोपं, सोडणं अवघड

मागच्या रविवारी घरी सगळे जमले होते, जेवणं उरकली होती आणि मी टीव्हीवर एक व्हिडिओ लावला. एक माणूस एकटाच, कपाटाएवढ्या लाकडी वाद्यासमोर बसलाय आणि अगदी सावकाश एक जॅझचं गाणं वाजवतोय, ना ड्रम, ना गिटार, ना गायक. दोन मिनिटांनी भाचा म्हणाला, "मामा, बेस कोण वाजवतंय? दिसत तर कुणी नाहीये." आणि आई, जिने उभं आयुष्य भजनात पेटी ऐकलीये, ती म्हणाली, "अरे ही पेटीच की. मग गाणं एवढं हळू चाललंय तरी हा घामाघूम का झालाय?"

दोन्ही प्रश्न एकदम मुद्द्याचे होते आणि मला तिथल्या तिथे धड उत्तर देता आलं नाही, कारण एक सांगायला गेलं की त्याच्या आधीचं दुसरंच सांगावं लागतं. मी लहानपणी पेटी शिकलो आणि गेली सहा वर्षं ऑर्गनच्या मागे आहे, म्हणून आता बसून पहिल्यापासून लिहितोय. नोटेशन येत नसलं तरी चालेल, सा रे ग म माहीत असलं की पुरे.

बॅलड म्हणजे काय, आणि हा कुठला ऑर्गन

जॅझवाले संथ लयीतल्या गाण्याला बॅलड म्हणतात, बहुतेक वेळा प्रेमाचं, विरहाचं, एकटेपणाचं गाणं. यातली कितीतरी गाणी १९२० ते १९५० च्या दरम्यान अमेरिकेतल्या नाटकांसाठी आणि सिनेमांसाठी लिहिली गेली. बऱ्याच गाण्यांचा साचा ठरलेला असतो: चार मात्रांचा एक खण, असे ३२ खण, आणि मांडणी आपल्या भाषेत सांगायची तर मुखडा, परत मुखडा, मग अंतरा, मग शेवटी पुन्हा मुखडा. मिनिटाला ६० मात्रांची लय धरली तर हे सगळं एकदा वाजवायला १२८ सेकंद लागतात, म्हणजे दोन मिनिटांहून थोडं जास्त. प्रत्येक खण चार सेकंदांचा. चार सेकंद मोजून बघा एकदा, किती लांब असतात ते कळेल.

आता ऑर्गन. आपल्याकडे हा शब्द ऐकला की जुन्या माणसांना संगीत नाटक आठवतं, बालगंधर्वांच्या काळात साथीला असायचा तो पायाने भाता मारायचा ऑर्गन, आणि गोवा-वसईकडच्या लोकांना चर्च आठवतं. जॅझवाल्यांचा ऑर्गन म्हणजे बहुतेक वेळा हॅमंड. लॉरेन्स हॅमंड हा शिकागोचा माणूस, विजेवर चालणारी घड्याळं बनवायचा, आणि घड्याळासाठी जी एकाच वेगाने फिरणारी मोटर त्याने वापरली तीच घेऊन त्याने १९३५ मध्ये हा ऑर्गन बाजारात आणला. चर्चना पाइप ऑर्गन परवडत नाही, त्यांना स्वस्तातला पर्याय द्यावा असा विचार होता, पण तो जॅझच्या क्लबात जाऊन बसला. यातलं सगळ्यात नावाजलेलं मॉडेल बी-३, १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे वीसेक वर्षं बनत होतं. एकावर एक दोन कीबोर्ड, प्रत्येकी ६१ पट्ट्या, आणि खाली पायाने वाजवायच्या लाकडी २५ पट्ट्या.

याच्या आत काय आहे ते समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आत ९१ छोटी धातूची चाकं आहेत, यांना टोनव्हील म्हणतात. बहुतेकांच्या कडेला ठरावीक उंचवटे आहेत आणि शेजारी तार गुंडाळलेलं चुंबक. चाक फिरलं की उंचवटे चुंबकासमोरून जातात, तारेत तेवढ्या वेळा वीज हलते, सेकंदाला ४४० उंचवटे गेले तर ४४० कंपनांचा सूर. आणि महत्त्वाचं म्हणजे ही चाकं ऑर्गन चालू केल्यापासून बंद करेपर्यंत फिरतच असतात, तुम्ही वाजवा नाहीतर नका वाजवू. सगळे सूर आत तयारच आहेत, पट्टी दाबली की फक्त दार उघडतं.

(जाता जाता एक गोष्ट, मला फार आवडते म्हणून. ही मोटर घरातल्या विजेच्या कंपनांवर चालते, अमेरिकेत ती सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. त्यामुळे अमेरिकेतला जुना ऑर्गन काहीही न बदलता इथे चालवला तर चाकं हळू फिरतात आणि अख्खं वाद्य साधारण तीन पट्ट्या खाली उतरतं, काळी पाच धरावी तर काळी चारच्याही खाली ऐकू येतं. ५० वाल्या देशांसाठी कंपनी वेगळी मोटर लावायची.)

पेटीवाल्याला अर्धं आधीच कळलेलं असतं

आई चुकीचं बोलली नव्हती. पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच, ऑर्गनवरही तसंच. पेटीवर पट्टी धरून ठेवली आणि भाता चालू ठेवला तर सूर चालूच राहतो, ऑर्गनवरही तसंच. पेटीत आवाज कमी-जास्त करायचं काम भाता करतो, आणि ऑर्गनमध्ये ते काम उजव्या पायाखालचं एक पेडल करतं, एक्स्प्रेशन पेडल, पुढे दाबलं की मोठा, मागे घेतलं की बारीक.

पियानोवाल्याला ऑर्गनवर बसवलं तर पहिले काही महिने तो याच गोष्टींशी झगडतो, कारण त्याची सगळी कमाई बोटाच्या वजनात असते आणि इथे त्या वजनाचा काही उपयोगच नसतो.

आवाजाचा पोत बदलायलाही पेटीवाल्याला ओळखीची सोय आहे. चांगल्या पेटीत खर्जाचे आणि वरचे वेगवेगळे सूर असतात, खटके ओढून त्यातले हवे ते घेता येतात. हॅमंडला याच्या जागी ड्रॉबार असतात, नऊ दांडे, प्रत्येक शून्यापासून आठपर्यंत बाहेर ओढता येतो. समजा तुम्ही सा दाबला, तर पहिला दांडा खालच्या सप्तकातला सा देतो, दुसरा प, तिसरा स्वतः सा, चौथा वरचा सा, पाचवा त्याच्या वरचा प, सहावा अजून वरचा सा, सातवा ग, आठवा परत प, नववा तीन सप्तकं वरचा सा. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा समजा, कुठल्या वाटीतलं किती घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं. जिमी स्मिथ, ज्याने १९५६ मध्ये आपल्या पहिल्या रेकॉर्ड काढून या वाद्याला आधुनिक जॅझमध्ये आणलं, त्याची प्रसिद्ध मांडणी म्हणजे पहिले तीन दांडे पूर्ण बाहेर आणि बाकीचे सहा आत. बॅलडसाठी मला स्वतःला पहिला आणि शेवटचा एवढेच दोन आवडतात, खाली पोकळ आणि वर बारीक शिट्टीसारखं काहीतरी, मधे रिकामी जागा.

पण भाता आणि एक्स्प्रेशन पेडल यात एक गोची आहे. पेडल अख्ख्या वाद्याला लागू होतं. म्हणजे वरची चाल जरा पुढे आणावी म्हणून पेडल दाबलं की कॉर्डही (एकाच वेळी धरलेले तीन-चार सूर) मोठा होतो आणि बेसही (सगळ्यात खालचा, खर्जातला सूर) मोठा होतो. कुणाला पुढे ठेवायचं, कुणाला मागे, हे आधीच ड्रॉबारने ठरवून ठेवावं लागतं, वरच्या आणि खालच्या कीबोर्डचे दांडे वेगवेगळे असतात ते त्यासाठीच. एकाच गॅसवर वरणभात आणि भाजी एकत्र ठेवल्यासारखं आहे, आच एकच, म्हणून पाणी किती घालायचं ते आधी बघायचं.

मग अवघड काय आहे? सूर मरत नाही, हे अवघड आहे

पियानोची तार म्हणजे ओतलेलं पाणी. एकदा ओतलं की ते आपोआप पसरतं आणि संपतं, वरच्या सप्तकातला सूर तर दोन-तीन सेकंदांतच विझायला लागतो. गिटारचंही तेच, तबल्याचंही तेच. वाजवणारा पुढच्या सुराचा विचार करत असतो तेवढ्यात मागचा सूर स्वतःहून बाजूला झालेला असतो, निसर्गच आवराआवर करत असतो.

ऑर्गन म्हणजे नळ. उघडला की तुम्ही बंद करेपर्यंत तेवढ्याच धारेने पाणी. पट्टी दाबल्याच्या क्षणी जेवढा आवाज तेवढाच चौथ्या सेकंदाला, तेवढाच चाळीसाव्या सेकंदाला. प्रत्येक सूर तुम्हालाच बंद करावा लागतो, बेसचा, कॉर्डमधला एकेक, चालीचा प्रत्येक. आणि तो नेमका कुठे बंद केला हे ऐकणाऱ्याला स्वच्छ ऐकू येतं.

जलद गाण्यात हे झाकलं जातं, सूर इतके भराभर येतात की कुठला कधी संपला ते कोण बघतंय. बॅलडमध्ये मात्र एक सूर चार सेकंद उभा असतो आणि मग त्याचा शेवट उघड्यावर होतो. थोडा आधी सोडला तर वाक्य तुटतं, थोडा उशिरा सोडला तर पुढच्या कॉर्डवर चढून घाण होते. मला पहिली तीन वर्षं वाटायचं की माझे कॉर्ड चुकतायत म्हणून माझं वाजवणं गढूळ ऐकू येतं. कॉर्ड बरोबर होते. मी बोटं उशिरा उचलत होतो, एवढंच. एक दिवस स्वतःचं रेकॉर्डिंग लावून सुरांच्या सुरुवातीकडे दुर्लक्ष करून फक्त शेवट ऐकत गेलो तेव्हा ते लक्षात आलं, आणि तेव्हापासून मी या वाद्याकडे वेगळ्याच बाजूने बघायला लागलो.

म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तो घामाघूम झालाय कारण तो सूर लावत कमी आणि सोडत जास्त आहे, दोन्ही हातांनी आणि पायाने, प्रत्येक सेकंदाला.

पण संथ म्हणजे सोपंच ना, विचार करायला वेळ मिळतो

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. आपल्याकडे ज्यांनी विलंबित ख्याल ऐकलाय त्यांना उत्तर लगेच पटेल. अमीर खाँसाहेब अतिविलंबित झुमरा तालात गायचे, मात्रा नुसत्या १४ पण दोन मात्रांमधे एवढी जागा की नवखा माणूस तिथे हरवून जाईल. तिथे वेळ मिळतो हे खरं, पण त्या वेळात धरून ठेवायला तुमच्याकडे काहीतरी असावं लागतं.

ऑर्गनच्या इतिहासातच याचा एक चांगला दाखला आहे. 'मिस्टी' हे गाणं पियानोवादक एरॉल गार्नरने १९५४ मध्ये बांधलं, पक्कं बॅलड. रिचर्ड 'ग्रूव्ह' होम्सने १९६५ मध्ये ते ऑर्गनवर रेकॉर्ड केलं आणि ते हिट झालं, पण त्याने ते संथ ठेवलं नाही, चांगलं ठुमकत्या लयीत नेलं. फार सुंदर रेकॉर्ड आहे, मी शेकडो वेळा ऐकलीये. पण बघा, ऑर्गनवरचं सगळ्यात लोकप्रिय बॅलड हे लय वाढवून लोकप्रिय झालंय. शिवाय जॅझमध्ये ऑर्गनवाला बहुतेक वेळा एकटा नसतोच, त्याच्यासोबत गिटार आणि ड्रम असतात, ऑर्गन ट्रायो म्हणतात त्याला. संथ आणि एकट्याने हे दोन्ही एकत्र आलं की लपायला जागाच उरत नाही.

एकट्याने ऑर्गनवर जॅझ ही कल्पना तशी जुनीच, हॅमंडच्याही आधीची. फॅट्स वॉलर हा जॅझ पियानोवादक न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या लिंकन थिएटरात मूकपटांना पाइप ऑर्गनची साथ करायचा, पुढे जॅझचा मोठा बँड चालवणाऱ्या काउंट बेसीने तिथेच त्याच्याजवळ बसून ऑर्गन शिकून घेतला, आणि १९२६ मध्ये वॉलरने न्यू जर्सीतल्या कॅमडनला, चर्चचा स्टुडिओ केला होता तिथे, एकट्याने पाइप ऑर्गनवर रेकॉर्ड केल्या.

बेस कोण वाजवतंय? डावा पाय

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. उजवा पाय एक्स्प्रेशन पेडलवर अडकलेला, म्हणजे खालच्या २५ पट्ट्यांसाठी उरतो डावा पाय एकटा. जलद गाण्यात बहुतेक जॅझवाले बेस खरं तर डाव्या हाताने खालच्या कीबोर्डवर वाजवतात, आणि पाय त्याच सुरावर नुसता टिचकी मारल्यासारखा आपटतात, त्याने तार छेडल्यासारखा ठोका येतो. पण मग डावा हात बेसमध्ये गुंततो आणि कॉर्ड वाजवायला कुणी उरत नाही.

बॅलडमध्ये लय संथ असल्यामुळे पायाला एका पट्टीवरून दुसरीवर जायला वेळ मिळतो, त्यामुळे बेस पूर्ण पायावर सोपवता येतो आणि डावा हात मोकळा होतो. तीन मजले तयार होतात, पायात बेस, डाव्या हातात कॉर्ड, उजव्या हातात चाल. संथपणाचा हा एक खरा फायदा आहे, तो मान्य करायलाच हवा.

पाय न बघता वाजवायचा असतो. जिना अंधारात उतरताना पाय जसा पायरी शोधतो तसं, आधी हलका स्पर्श, खात्री झाली की दाब. यासाठी पातळ तळव्याचे बूट घालतात, काही जण मोज्यांवर वाजवतात, आणि अमेरिकेत जन्मलेली आणि आयुष्याचा मोठा भाग फ्रान्समध्ये घालवलेली ऱ्होडा स्कॉट तर अनवाणीच वाजवते, त्यासाठीच ती ओळखली जाते. तिचा डावा पाय दिसेल असा एखादा व्हिडिओ शोधून बघा, दुसरा हातच वाटतो तो.

आणि पायाचाही सूर मरत नाही हे विसरू नका. खऱ्या डबल बेसचा सूर छेडल्यावर ओसरत जातो, म्हणून दोन सुरांमधे आपोआप श्वास असतो. पायाने तो मुद्दाम करावा लागतो, पुढचा सूर यायच्या किंचित आधी पाय उचलायचा. हे केलं नाही तर खाली एक अखंड घोंघाट चालू राहतो, शेजारच्या बिल्डिंगमधला पाण्याचा पंप चालू राहिल्यासारखा, आणि वर कितीही गोड वाजवलं तरी ऐकणारा अस्वस्थ होतो, का ते त्याला सांगता येत नाही.

दहा बोटं असताना दोनच का वापरायची

एकटा माणूस वाजवतोय म्हणजे त्याने जागा भरून काढली पाहिजे, भरगच्च वाजवलं पाहिजे असं वाटणं साहजिक आहे. ऑर्गनवर हे उलटं पडतं. एक पट्टी दाबली की ड्रॉबारमुळे तिच्यासोबत चार-पाच सूर आधीच वाजतायत, त्यात खालच्या सप्तकात चार बोटांचा कॉर्ड दाबला तर वीस सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. म्हणून डावा हात साधारण मधल्या सा च्या आसपासच ठेवायचा, फार खाली न्यायचा नाही, आणि बऱ्याचदा दोनच बोटं.

कुठली दोन, हे पेटीवर करून बघता येईल, खरंच करून बघा. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर. जॅझमध्ये एक जोडी, म्हणजे खरं तर त्रिकूट, सारखं येतं: पहिला कॉर्ड रे म ध सा, दुसरा प नी रे म, तिसरा सा ग प नी. सगळे शुद्ध स्वर. आता यातले फक्त दोन-दोन सूर घ्या. म आणि वरचा सा दाबून धरा. मग म तसाच ठेवून सा चं बोट शेजारच्या नी वर न्या. मग नी तसाच ठेवून म चं बोट ग वर न्या. झालं. तीन कॉर्ड बदलले आणि दर वेळी एकच बोट, तेही शेजारच्याच पट्टीवर हललं. त्याच वेळी कुणाला तरी खर्जात रे, मग प, मग सा म्हणायला सांगा, ते काम ऑर्गनवर डावा पाय करतो. एवढ्यात जॅझचा वास यायला लागतो.

हे हलणारं एक बोट बॅलडमध्ये फार मोलाचं आहे. वर चालीचा लांब सूर उभा आहे, खाली बेस उभा आहे, आणि मधे एक सूर हळूच अर्ध्या पावलाने खाली सरकतो. पियानोवर तो सरकलेला सूर आधीच अर्धा विझलेल्या कॉर्डमध्ये पडतो. ऑर्गनवर बाकी सगळं तेवढ्याच तेजात उभं असताना तो एकटा हलतो आणि ते इतकं स्पष्ट ऐकू येतं की अंगावर काटा येतो.

उजवा हात गातो कसा

पियानोला एक पेडल असतं, ते दाबलं की बोट उचललं तरी सूर टिकतो. हॅमंडला तसं नाही, त्यामुळे सूर सुरात मिसळून जावा असं वाटत असेल तर ते बोटांनीच करायचं. यासाठी एक युक्ती आहे, पट्टी एका बोटाने दाबलेली असतानाच आवाज न तुटता तिथे दुसरं बोट आणून ठेवायचं आणि पहिलं मोकळं करायचं. लोकलमध्ये हँडल धरलेला हात बदलतो तसं, नवा हात पक्का झाला की मगच जुना सोडायचा. संथ गाण्यात उजवा हात सतत हेच करत असतो, बघणाऱ्याला दिसतही नाही.

जोर द्यायचा कसा, बोटाच्या ताकदीने तर होत नाही? सुराच्या आधी किंचित मोकळी जागा सोडली की तो सूर ठसतो. बोलताना आपण करतोच ना, "मी... त्याला सांगितलं होतं". शिवाय हॅमंडवर परकशन नावाची एक सोय आहे, सुराच्या सुरुवातीला लाकडावर टिचकी मारल्यासारखा टणत्कार येतो. पण तो कधी येतो? वरच्या कीबोर्डवरच्या सगळ्या पट्ट्या सुटल्या असतील तरच. सूर जोडून वाजवलेत तर फक्त पहिल्याला टणत्कार, बाकी सगळे गुळगुळीत. म्हणजे इथेही परत तेच, कुठे सोडलं त्यावर ठरतं की पुढचा सूर कसा सुरू होणार.

जुने जॅझवाले सांगतात की बॅलड वाजवायचं तर शब्द पाठ हवेत. मी आता तसंच करतो, मनात शब्द म्हणतो आणि गायिका जिथे श्वास घेईल तिथे बोट उचलतो. आणि एक्स्प्रेशन पेडल प्रत्येक सुराला पंप करायचं नाही, ती नवशिक्याची खूण, पेटीवर भाता हिसके देऊन मारावा तशी. एक अख्खी ओळ हळूहळू वाढते आणि ओसरते, पाय एवढाच हलतो.

तो फिरणारा स्पीकर

हॅमंडचा आवाज बहुतेक वेळा लेस्ली नावाच्या स्पीकरमधून येतो. डॉन लेस्ली नावाच्या माणसाने १९४० च्या सुमारास तो बनवला, हॅमंड कंपनीला तो कधी आवडला नाही, वाजवणाऱ्यांना मात्र लगेच आवडला. लाकडी पेटाऱ्यात वर एक भोंगा फिरतो आणि खाली बेससाठी एक पिंप फिरतं. लहानपणी टेबलफॅनसमोर बसून "आऽऽऽ" केलंय ना सगळ्यांनी, तसा आवाज हलतो, शिवाय भोंगा तुमच्याकडे येताना सूर किंचित चढतो आणि लांब जाताना उतरतो, ॲम्ब्युलन्स जवळून गेल्यासारखा.

वेग दोन: संथ असताना भोंगा सेकंदाला एकापेक्षा थोडे कमी फेरे घेतो, जोरात असताना सहा-सात. बॅलड जवळजवळ सगळं संथ वेगावर वाजतं. आणि मग एखाद्या लांब सुरावर, बहुतेक वेळा अंतऱ्याच्या शेवटी, वाजवणारा स्विच टाकतो. भोंगा हलका म्हणून तो लगेच वेग घेतो, पिंप जड म्हणून त्याला जास्त सेकंद लागतात, छताचा पंखा चालू केल्यावर वेळ घेतो तसा, आणि या मधल्या सेकंदांत वरचा आवाज थरथरतोय आणि खालचा अजून जागा होतोय अशी जी अवस्था असते ती दुसऱ्या कुठल्याच वाद्यात नाही. एका सुरात हे घडतं, बोट हललेलंही नसतं. पण गाण्यात एकदा, फार तर दोनदा. सारखं केलं की त्याची किंमत जाते.

ड्रमर नाही, मग रिदम का लावत नाहीत?

आपल्याकडे कार्यक्रमांत कीबोर्डवर ऑटो रिदम लावायची सवय आहे, त्यामुळे हा प्रश्न येणारच. लावता येतो, पण मग बॅलडमधलं ओढणं-सोडणं संपतं. एकट्याने वाजवण्याचा सगळा अर्थ हाच की लय तुमच्या मालकीची आहे. बहुतेक जण सुरुवात बिनलयीने करतात, आलापासारखी, एकेक कॉर्ड आपल्या वेळेने येतो, आणि मग पायात बेस सुरू झाला की ठेका धरला जातो, खणाच्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर एकेक सूर. ऐकणाऱ्याच्या डोक्यात तेवढ्यावर घड्याळ चालू होतं. शेवटच्या मुखड्यात परत लय सोडून देतात.

या सगळ्यात ऐनवेळी सुचेल तसं बदलून वाजवणं कुठे आलं, जॅझ म्हणजे तर तेच ना? तेही इथे आहे, फक्त ताना नाहीत. तीच चाल दुसऱ्यांदा आली की खालचा बेस बदलायचा, मधला सूर वेगळ्या वाटेने न्यायचा, एखादा सूर अर्धी मात्रा उशिरा आणायचा. बंदिशीची बढत करताना गवई मुखडा दर वेळी वेगळ्या दाराने घेतो तसं.

मग पियानोच का नाही?

पियानोवर बॅलड सुंदरच वाजतं, यात वादच नाही. पण पियानो लांब सुराची फक्त आठवण देऊ शकतो, तो सूर कमी होत जातो आणि आपलं मन तो पुरा करतं. ऑर्गन लांब सूर खरोखर धरतो, वाढवूही शकतो, माणसाच्या गळ्यासारखा किंवा सॅक्सोफोनसारखा. संथ गाण्यात हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. त्याची जी किंमत मोजावी लागते ती वर सांगितलीच.

घरी करायचं तर बी-३ लागत नाही, तो बाकासकट दीडशे किलोंच्या वर जातो. ड्रॉबारचा आवाज असलेला साधा कीबोर्ड आणि आवाजाचं पेडल यावर बरंच शिकता येतं, बेस सुरुवातीला डाव्या हाताच्या करंगळीने. आणि पेटी असेल तर म-सा, म-नी, ग-नी आजच.

परवा तोच व्हिडिओ परत लावला, मागितला म्हणून. भाचा पूर्ण वेळ पायांकडे बघत होता. शेवटचा कॉर्ड आला, लेस्ली जोरावरून संथ झाला, त्याने पेडल मागे घेत घेत उजव्या हाताचं वरचं बोट उचललं, मग त्याच्या खालचं, मग डावा हात, शेवटी पायातला सा एकटा राहिला, किती वेळ. आई पुढे वाकून बसली होती. "आता सोडेल बघ," ती म्हणाली, आणि त्याने पाय उचलला. खोली शांत झाली, पेटाऱ्यातला भोंगा तेवढा फिरत होता, त्याचा वारा ऐकू येत होता.